शिंगावरचा तिसरा डोंगर

डोंगर माणसाला आधी लहान करतो आणि मग मोठा करतो.

हे वाक्य माझंच आहे. कोल्हापुरातल्या एका शाळेच्या दर्शनी फळ्यावर मी ते चार-पाच वेळा तरी लिहिलं असेल. अक्षर बरं असल्यामुळे रोजचा सुविचार लिहिण्याचं काम चित्रकलेच्या शिक्षकाकडे, म्हणजे माझ्याकडे होतं. सुविचारांची वही दिवाळीच्या सुट्टीपर्यंत संपायची, मग मी मनानंच करून लिहायचो. खाली कुणा थोर माणसाचं नाव नसलं तरी कुणी विचारत नसे. डोंगराचं वाक्य तर मुख्याध्यापकांनी एका स्नेहसंमेलनात माझ्यासमोरच डोळे मिटून म्हणून दाखवलं. ते लिहिलं तेव्हा मी पन्हाळा आणि जोतिबा सोडून एकही डोंगर चढलेलो नव्हतो, आणि या दोन्ही ठिकाणी एसटी वरपर्यंत जाते.

निवृत्त झाल्यावर दुसऱ्या वर्षी माझ्या दोन्ही डोळ्यांतले मोतीबिंदू काढले. पट्टी सोडताना डॉक्टर म्हणाले, "आता निळा जरा जास्त दिसेल. घाबरू नका." मी घाबरलो नाही. घरी आलो आणि बायकोला म्हणालो, "ही साडी कधी घेतलीस?"

"बारा वर्षं झाली."

"निळी आहे."

"घेतली तेव्हापासून."

घाबरलो ते समोरच्या खोलीत गेल्यावर. भिंतीवर माझी गेल्या सहा-सात वर्षांतली चित्रं होती. सगळ्यांवर चहा सांडून वाळल्यासारखं दिसत होतं. आकाशं मळकी, झाडं शेवाळी, आणि रंकाळ्याचं पाणी तर सरळ काढा. बायकोला विचारलं, "तुला हे दिसत नव्हतं?"

"दिसत होतं की. मला वाटलं, तुम्हाला तसंच आवडतं."

"मग बोलायचं नाहीस?"

"तुम्ही तज्ज्ञ," ती म्हणाली आणि कुकरची शिट्टी ऐकायला आत गेली.

त्या दिवसापासून माझा हात थांबला. डोळ्यांनी सहा-सात वर्षं फसवलं, आणि फसवतायत हे त्यांनी मला कळूही दिलं नाही. मग आता हे नवे डोळे जे दाखवतायत ते तरी खरं कशावरून? कागद ताणून बसायचो, निळ्याचे दोन थेंब टाकायचो आणि ब्रश धुऊन ठेवायचो. असं दीड वर्ष गेलं. कुणी विचारलं तर सांगायचो, "सध्या चिंतन चालू आहे." चित्रकाराला हे उत्तर देता येतं. गवंड्याला देता येत नाही.

चिंतनाला न जुमानणारा एकच माणूस होता. तो उचगावचा, माझा शाळेपासूनचा मित्र. वडिलांच्या हाताखाली पाट्या रंगवायला शिकला आणि चाळीस वर्षं तेच केलं. पेंटर हा कोल्हापुरात नुसता धंदा नाही, तो किताब आहे. राजवाड्यात तैलचित्रं काढणारा पेंटर, सिनेमाची पोस्टरं काढणारा पेंटर आणि 'येथे शुद्ध म्हशीचे दूध मिळेल' लिहिणारासुद्धा पेंटर. तिघांनाही लोक एकाच सुरात हाक मारतात. माझ्या मित्राला अख्खं उचगाव पेंटर म्हणतं. मी तेहेतीस वर्षं चित्रकला शिकवली, मला सगळे मास्तर म्हणतात. यातला फरक मला उशिरा कळला. फ्लेक्स आल्यावर त्याचं काम आटलं. आता दवाखान्यांचे बोर्ड, गाड्यांचे नंबर आणि मशिदीच्या कमानीवरची अक्षरं एवढं उरलंय. पण त्याच्या जुन्या व्हॅनच्या मागच्या भागात ऑइल पेंटचे डबे कायम असतात, जसे काही लोकांच्या खिशात गोळ्या असतात.

दिवाळीच्या चार दिवस आधी तो दारात उभा राहिला. "मास्तर, डोळं नवं करून आनलंस, आन् बगायला तीच जुनी भिंत ठिवलीस. चल, गाडीत बस."

"कुठं?"

"राधानगरीकडं. मागं एका शाळंची भिंत रंगवायला गेलतो, तितं वर सडा हाय, नुस्ता सपाट कातळ. लई लांबचं दिसतंय."

बायकोनं घर आवरायला काढलं होतं, त्यामुळे तिचाही पाठिंबा मिळाला.

रस्त्यात उसाच्या ट्रॉल्या सुरू झाल्या होत्या. पुढं भाताची खाचरं लागली, अर्धी कापलेली, अर्धी उभी. धरणाच्या पुढं झाडी दाट झाली आणि रस्ता एका घराच्या अंगणात जाऊन संपला, म्हणजे अक्षरशः संपला, त्याच्यापुढं शेणी लावलेल्या होत्या. अंगणात फणसाचं झाड, झाडाला बांधलेली म्हैस, आणि म्हशीशी काहीतरी भांडत असलेली माझ्याच वयाची एक बाई. नवरा भात कापायला गेला होता. पेंटरनं गाडी सावलीत लावायची परवानगी मागितली.

"लावा की. कुठनं आलासा पावणं?"

"कोल्हापूर. वर जाऊन येतो जरा."

"वर काय न्हाई. नुस्ता सडा हाय."

"तोच बघायचाय," मी म्हणालो.

"काय न्हाई ते बगायला आलासा?" तिनं पेंटरकडं बघितलं. मी बरा आहे ना, असा तो प्रश्न होता. पेंटरनं मान हलवली, पण होकाराची की नकाराची ते मला दिसलं नाही.

दुपारची नमाज वरच होणार, म्हणून त्यानं तिला विचारलं, "मावशी, वर गेल्यावर पश्चिम कुठं धरायची? ऊन डोक्यावर असंल."

"जिकडनं पाऊस येतोय तिकडं तोंड करा," ती म्हणाली. "हितं सगळं तिकडनंच येतंय."

पाऊण तास चढ होता. करवंदीच्या जाळ्यांतून पाऊलवाट जात होती, आणि वाटेवर गव्यांच्या खुरांचे ठसे होते, ताटलीएवढे, चिखल वाळून पक्के झालेले. मग झाडं एकदम मागं राहिली आणि आम्ही सड्यावर आलो. काळा सपाट कातळ, त्याच्या फटीफटीतून कमरेएवढं गवत, पाऊस जाऊन पंधरा दिवस झाल्यामुळे तांब्याच्या रंगावर आलेलं. खळग्यांत थोडंथोडं पाणी होतं, त्यात आभाळाचे तुकडे. आम्ही त्यांना वळसे घालत चालत राहिलो. चालता चालता सडाच संपला.

पुढचं मला नीट सांगता येईल असं वाटत नाही. कडा होता, आणि कड्याच्या पुढं डोंगर होते. एक, त्याच्या मागं दुसरा, त्याच्या मागं आणखी. मी सात मोजले. आठवा होता की नुसतं आभाळच, हे सांगता येत नव्हतं. जवळचा हिरवट काळा. दुसरा जांभळ्याकडं झुकलेला. तिसऱ्यापासून निळा सुरू होत होता आणि प्रत्येक डोंगरागणिक त्यातला थोडाथोडा जीव जात होता, शेवटी तो इतका हलका झाला की डोंगरानं आभाळाला जागा करून दिली एवढंच म्हणता येईल. आवाज नव्हता. खाली खूप खोल एक घार फिरत होती आणि आम्हाला तिची पाठ दिसत होती. घारीची पाठ मी आयुष्यात पहिल्यांदा बघितली.

तेहेतीस वर्षं मी वर्गात सांगत आलो होतो, "दूरचे डोंगर निळे काढा, जवळचे गडद." एका मुलीनं एकदा विचारलं होतं, "सर, का?" मी म्हणालो होतो, "ग्रेड परीक्षेत तसेच लागतात." ती बिचारी बसली खाली. तो नियम मी कुणाकडून तरी ऐकला होता, त्यानं कुणाकडून तरी. तो खरा आहे हे मला कोणी सांगितलं नव्हतं. तो इथं माझ्यासमोर खरा होऊन मैलोन्‌मैल पसरला होता. मी कातळावर टेकलो. चढामुळे, असं मी पेंटरला सांगितलं.

त्यानं रेनकोट अंथरला आणि जिकडून पाऊस येतो तिकडं तोंड करून उभा राहिला. पुढं पाच-सहा पावलांवर कडा. तो वाकला, टेकला, उठला. मी कुठल्याच देवळात फारसा रमत नाही. आरती सुरू झाली की मला चपलांची काळजी वाटते. पण त्या वेळी मीही उठून पाठीमागं उभा राहिलो. चपला काढलेल्या होत्या, हे नंतर लक्षात आलं. नमाज झाल्यावर तो उठला नाही. बराच वेळ तसाच गुडघ्यांवर बसून समोर बघत राहिला.

"मास्तर," शेवटी तो म्हणाला, "एवढं मोठं काम, आन् कोपऱ्यात सही न्हाई बग."

मी बरोबर आणलेली रंगांची पेटी उघडली. कागद मांडीवर घेतला. निळा कालवला, दोन थेंब टाकले आणि हात थांबला. सात डोंगर समोर होते, आणि मी घरच्या भिंतीसमोर बसल्यासारखा बसलो होतो.

"पेंटर, तो तिसरा डोंगर. कुठला निळा आहे?"

"मला दोनच निळं ठावं हायती. एक दवाखान्याचा, एक पतसंस्थेचा. ह्यो दोन्हीतला न्हवं."

"मला दिसतोय तसाच तो आहे का, हे विचारतोय मी."

"ते मी कसं सांगू लेका? तुझ्या डोळ्यानं मी बगतोय व्हय?"

हे बरोबर होतं. एका जाड पुस्तकात हेच चाळीस पानांत लिहिलेलं मी वाचलं होतं. मी ब्रश धुतला. कागदावर दोन थेंब घेऊन आम्ही खाली उतरलो.

बाईंनी नाचणीची भाकरी, ठेचा आणि दही पुढं ठेवलं. वर चहा. "मग, बगितलासा का सडा?" तिनं विचारलं. "काय करतासा तुमी कोल्हापुरात?"

मी तोंड उघडायच्या आत माझा मित्र म्हणाला, "ह्ये पेंटर हायत. मोठं पेंटर."

"आन् तुमी?"

"मी गाडी चालवतोय."

हा माणूस गालात हसतोय हे मला दिसत होतं. बाईंनी मात्र हातातली किटली खाली ठेवली. "पेंटर व्हय! बरं झालं बाई, देवच पावला. पाडवा आलाय तोंडावर. थोरलं पोरगं येणार हुतं शिंगं रंगवायला, त्येला रजा गावली न्हाई. आता म्हस अशीच उघडी न्हेऊ व्हय गावातनं?"

बाहेरच्या वाचकासाठी सांगायला हवं. आमच्याकडं दिवाळीच्या पाडव्याला म्हशींचा मान असतो. त्यांना धुतात, तेल लावतात, शिंगं काचेच्या तुकड्यानं तासून गुळगुळीत करतात, रंगवतात, गळ्यात माळा घालतात आणि गावातून मिरवतात. त्या दिवशी न रंगवलेल्या शिंगाची म्हैस म्हणजे लग्नात बनियनवर आलेला व्याही. आणि 'पेंटर' म्हटल्यावर ह्याला शिंगं रंगवता येतात, हे बाईंनी गृहीत धरलं. कोल्हापूरच्या भाषेत त्यात चूक काहीच नव्हती.

"मी जलरंगात काम करतो," मी म्हणालो. हे वाक्य मी पूर्वी एका प्रदर्शनाच्या अध्यक्षांसमोर म्हटलं होतं तेव्हा बरं वाजलं होतं.

"म्हंजी पाण्यानं जातोय जणू?"

"हो."

"मग तसला नको. टिकनारा द्या. एक शिंग लाल करा, एक हिरवं."

पेंटर तोवर गाडीचं मागचं दार उघडून वाकला होता. आतून म्हणाला, "लाल वाळून दगूड झालाय. हिरवा न्हाईच. पांढरा हाय, काळा हाय, आन् दवाखान्याचा निळा हाय."

"चालंल," बाई म्हणाल्या. "मोकळं दिसू नये म्हंजी झालं."

म्हैस पंढरपुरी होती. या म्हशींची शिंगं तलवारीसारखी मागं जातात, पार खांद्यांच्याही पलीकडं, दोन-अडीच हात लांब. बाईंनी ती तासून ठेवलेली होती. काळी, गुळगुळीत, मुळाशी रुंद आणि पुढं निमुळती. मी ब्रश घेऊन डाव्या शिंगासमोर उभा राहिलो. मुळाशी काळं होतंच. त्याच्यापुढं काय यायला हवं ते मला माहीत होतं.

पेंटरला म्हणालो, "झाकणात काळ्यात थोडा निळा दे." त्यानं दिला. मग, "आता पांढरा, नखाएवढा." मग आणखी नखाएवढा. एकेक झाकण पुढं येत गेलं. अंगणातून सडा दिसत नव्हता, पलीकडचे डोंगर तर नाहीच. जे होतं ते डोक्यात होतं. पहिली रांग काढली, दुसरी काढली. तिसऱ्याचा निळा लावताना मनात शंका आली खरी, पण तेवढ्यात म्हशीनं मान हलवली आणि बाई ओरडल्या, "गप उभार की गं भवाने, पेंटर काय रोज येत्यात?" म्हैस उभी राहिली. मी लावून मोकळा झालो. म्हशीसमोर चिंतन चालत नाही. तिला माशा बसतात.

टोकाशी पोचेपर्यंत पांढऱ्यात निळ्याचा नुसता वास उरला होता. मग उजवं शिंग घेतलं. दोन्ही संपली तेव्हा लक्षात आलं की तासभर मी डोळ्यांना काहीच विचारलेलं नव्हतं.  आता मात्र विचारावं लागणार होतं, आणि उत्तर देणारी बाई समोर पदराला हात पुसत उभी होती. ती या डोंगरांखाली जन्म काढलेली, तिच्या डोळ्यांत माझी भिंगं नव्हती आणि मी तज्ज्ञ आहे हे तिला कुणी सांगितलेलं नव्हतं.

तिनं बराच वेळ बघितलं. मागं गेली, वाकून बघितलं. "आगं बाई," ती हळूच म्हणाली. "ह्ये तर सड्यावरनं दिसतंय त्ये हाय की."

मी ब्रश फडक्याला पुसायला घेतला.

"पर तिसरा चुकलाय."

मी लगेच विचारलं, "रंग?"

"रंगाला काय झालंय? खाच कुठं हाय त्यात?" तिनं डाव्या शिंगावरच्या तिसऱ्या डोंगरावर बोट ठेवलं, ओल्या रंगावरच. "हितं खाच पायजे. त्या खाचंतनं चालत आलो मी, नवरी हुऊन. पलीकडं माजं म्हायेर हाय. डोंगूर काडलासा आन् माजी वाटच न्हाई काडली?"

तेहेतीस वर्षं मुलांच्या चित्रांवर शेरे मारल्यामुळे मला एक गोष्ट कळते. जे बरोबर असतं त्याच्याबद्दल कुणी बोलत नाही. रंगाला काय झालंय, असं ती म्हणाली होती. असला शेरा मला आयुष्यात मिळालेला नव्हता.

पण मला खाच दिसली नव्हती. म्हणजे डोळे पुन्हा फसवून गेले होते की काय, ही शंका मला घरी घेऊन जायची नव्हती. "मी वर जाऊन येतो," मी म्हणालो.

"आता? डोस्कं फिरलं काय मास्तर?" पेंटर म्हणाला.

"मास्तर?" बाईंनी विचारलं. "तुमी तर पेंटर म्हनलासा."

"दोन्ही हायत ते," तो म्हणाला. "जा, जा. मी बसतो हितं म्हशीला वारा घालत."

या वेळी अर्ध्या तासात वर गेलो. सूर्य खाली आला होता आणि दुपारचं काहीच शिल्लक नव्हतं. निळे होते तिथं जांभळे होते, आणि रांगांच्या मधल्या दऱ्यांत धुकं नव्हे, उजेडच साचला होता. तिसऱ्या डोंगरात, बरोबर तिच्या बोटाच्या जागी, खाच होती. मागून ऊन आल्यामुळे ती उघडल्यासारखी दिसत होती, एखादं दार कुणीतरी किलकिलं करून ठेवावं तशी. दुपारी ऊन डोक्यावर असताना ती दिसणं शक्य नव्हतं. दुपारी माझे डोळे खोटं बोलले नव्हते. ते दुपारचं बोलले होते.

त्या खाचेतून कधीतरी एक मुलगी चालत अलीकडं आली आणि म्हशी घेऊन सड्यावर आली की संध्याकाळपर्यंत तिकडं बघत राहिली असणार. मी तिथं सूर्य बुडेपर्यंत उभा होतो. मोठा वगैरे झालो नाही. लहान मात्र झालो, आणि तसंच बरं वाटत होतं.

खाली उतरून गाडीच्या दिव्यांच्या उजेडात खाच काढली. बोटाचा ठसा बुजवला नाही, त्याच्यातूनच वाट काढली. बाईंनी आम्हाला गाडीभर फणसाचे गरे दिले असते, पण हंगाम नव्हता, म्हणून तांदूळ दिले.

घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी भिंतीवरची चहाची चित्रं उतरवली. तेव्हापासून मी रोज काम करतो. कागद लांबट आणि अरुंद कापून घेतो, का ते लोकांना कळत नाही. गेल्या हिवाळ्यात त्या चित्रांचं छोटं प्रदर्शन झालं. उद्घाटक पाहुण्यांनी भाषणात सांगितलं की डोंगर माणसाला आधी लहान करतो आणि मग मोठा करतो. ते आमच्या शाळेचे माजी विद्यार्थी आहेत. मी टाळ्या वाजवल्या. पेंटर माझ्या शेजारी बसला होता, त्यानं वाजवल्या नाहीत, कारण प्रदर्शनाची पाटी फ्लेक्सवर छापलेली होती.

मूळ चित्र प्रदर्शनात ठेवता आलं नाही. उजवं शिंग अजून शाबूत आहे असं बाई फोनवर सांगतात. डावं म्हशीनं पाडव्याच्या दुसऱ्याच दिवशी घासलं, आणि खाचेसकट तिसरा डोंगर आता फणसाच्या बुंध्यावर आहे.